तिसरीच्या बाईंचा कंगवा

ज्योत्स्ना पुन्हा शाळेत जाईल ना, हा घोर लासुर्ण्यात राहणाऱ्या रत्नमालाच्या जिवाला लागला होता. तिची ही लेक बारामतीजवळच्या एका खेड्यात तिसरीला शिकवायची.

दर थंडीत स्थिर विद्युतेचा धडा आला की पोरांची तेलाने चपचपलेली डोकी कामाची नसत. म्हणून ज्योत्स्ना स्वतःचे कोरडे केस सोडून खसाखसा विंचरायची. "बघा, केसांवरचे ऋण कण कंगव्यावर आले. आता हा कंगवा कपटे ओढणार!" कपटे टुणकन चिकटत आणि पोरं ओरडत, "बाई, तुमच्या केसात करंट हाय!"

यंदा कर्करोगाच्या औषधांनी ते केस गेले. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, तरी ती घरातच बसून होती. "आई, पोरं कंगवा मागतील गं," एवढंच बोलून काल तिने फोन ठेवला होता.

आज घोंगडी झटकताना चटचट आवाज झाला आणि रत्नमालाच्या हातावरची लव उभी राहिली. लोकरीवर घासलेला फुगाही कपटे ओढतोच की! बीएस्सी झालेल्या आईला हे काल सुचलं नव्हतं. लेकीचं दुःख फुग्याने सरणारं नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी डोळे पुसून तिने ज्योत्स्नाला फोन लावायचं ठरवलं.