माझ्या आईच्या हाताची आग

"तू तिकडे खिडकीपाशी बस. इथे बसलीस की मला शिंका येतात."

सर असं म्हणाले तेव्हा प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. सर, पंकज आणि मी. सर आम्हाला धुळ्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. पंकज माझ्याच वर्गातला, दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याचा मुलगा. आणि मी त्याच व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईची मुलगी.

शिंकांचं खरं होतं. मिरचीचा हंगाम असला की आमच्या घरातला प्रत्येक कपडा मिरची होतो. तीन पाण्यांतून काढला तरी जात नाही. एसटीत माझ्या शेजारचा माणूस दोंडाईचा सुटायच्या आत नाकाला रुमाल लावायचा. मला सवय होती. तरी त्या दिवशी मी आदल्या दिवशी धुतलेला, नुसता लग्नाकार्याला घालायचा ड्रेस घातला होता. कारण त्या दिवशी माझी मुलाखत होती.

मी स्टूल उचललं. खिडकीपाशी गेले.

"आणि एक लक्षात ठेव," सर म्हणाले. "तू बोलायचं नाही. पंकज बोलेल. तो अडला तर तू चिठ्ठीवर लिहून द्यायचं."

मुलाखत फोनवर होती. पुण्याच्या एका संस्थेनं विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा काढली होती. जगापुढचा एखादा प्रश्न घ्या आणि उद्योग काढून तो सोडवून दाखवा. सगळं टपालानं. कागद जाणार, कागद येणार. शेवटच्या फेरीला पुण्याहून फोन. पत्रकात लिहिलं होतं, परीक्षक कोणाही स्पर्धकाला पाहणार नाहीत, त्यामुळे सर्वांना समान संधी मिळेल. कॉलेजच्या फळ्यावर ते वाक्य मी तीनदा वाचलं. मला ते फार आवडलं. माझं तोंड दिसणार नाही. माझी चप्पल दिसणार नाही. आमची वस्ती दिसणार नाही, आणि टपालातून वासही जात नाही. आपल्यासाठीच काढलीय ही स्पर्धा, असं वाटलं. इतकी मी भोळी.

माझ्याकडे प्रश्न होता. जगाचा का काय ते माहीत नाही, पण आमच्या पूर्ण वस्तीचा होता. मिरचीचा देठ खुडायला अंगठ्याचं नख लागतं. म्हणून हाताला फडकं बांधता येत नाही. दिवसभर खुडलं की नखाच्या कडा फाटतात, त्यात तिखट जातं, आणि मग आग. तेल लावा, ताक लावा, काही होत नाही. माझा धाकटा भाऊ तान्हा होता तेव्हा आईनं हंगामभर त्याचं तोंड पुसलं नाही. मी पुसायचे. आई लांबून सांगायची, डोळा पूस, नाक पूस.

मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, त्याला खाच पाडली आणि विळीसारखा पाटावर ठोकला. देठ खाचेत अडकवायचा, मिरची ओढायची. देठ टोपीसकट खाली. नखाचं काम नाही. म्हणजे हाताला फडकं बांधता येतं. चार पाट वाया गेले, पाचवा जमला.

अर्जावर प्राध्यापकाची सही लागत होती. मी सरांकडे गेले. सरांनी पाट उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "छान आहे. पण उद्योग कोण करणार? गोडाऊन आहे का तुझ्याकडे?"

नव्हतं. मग सरांनीच तोड काढली. मुख्य स्पर्धक पंकज. सहाय्यक मी. मी सही केली. खोटं कशाला बोलू, मला बरंसुद्धा वाटलं. सरांनी मला खुर्चीवर बसवून सही घेतली होती.

तर फोन वाजला. प्राचार्यांचा फोन नवा होता, बटण दाबलं की आवाज खोलीभर ऐकू यायचा. पुण्याचे परीक्षक भल्या माणसासारखे बोलत होते. ही अडचण कुठे पाहिली, त्यांनी विचारलं. पंकज म्हणाला, "आमच्या गोडाऊनमध्ये सर, लहानपणापासून बघतोय." तेही खरंच होतं. गादीवर बसून तो बघतच होता.

"या बायकांच्या हाताची आग किती वेळ राहते?"

पंकजनं माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी लिहिली. सरांनी ती माझ्या हातून घेऊन त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वाचलं, "रात्रभर सर. हंगामात आई तान्ह्या बाळाचं तोंड पुसत नाही."

पलीकडून आवाज आला, "फार संवेदनशील आहात तुम्ही. शाबास."

सरांनी पंकजच्या पाठीवर थाप मारली.

ती माझी आई होती. ते माझ्या भावाचं तोंड होतं. पंकजच्या आईला मी पाहिलं होतं, तिच्या हातांना संक्रांतीची मेंदी होती. माझ्या आईची आग त्याच्या तोंडून बाहेर पडली आणि शाबासकी घेऊन त्याच्याच खिशात गेली. मी काय केलं? मी पुढची चिठ्ठी लिहायला पेन्सिल उचलली. याचाच मला आजही जास्त राग येतो.

"देठ काढताना मिरची कोरडी असते की ओली?"

पंकजला आता चढलं होतं. तो चिठ्ठीसाठी थांबलाच नाही. "कोरडी सर. एकदम कडकडीत."

गोडाऊनमधली कोणतीही बाई हसली असती. कडकडीत मिरची हातात घेतली की फुटते, बी सांडतं, भुकटी उडते आणि सगळ्यांना ठसका लागतो. आदल्या संध्याकाळी बाया मिरचीवर पाणी शिंपडतात, ओलं गोणपाट झाकतात. सकाळी मिरची मऊ. पंकज गादीवर यायचा दुपारी. त्याला ते गोणपाट कशाला दिसेल?

सरांना चूक कळली नाही, पण माझा चेहरा कळला. त्यांनी चुटकी वाजवली. लिही.

मी पेन्सिल खाली ठेवली. उठले, टेबलापाशी गेले आणि फोनवर वाकून बोलले. तयारी केली होती ती पुस्तकी मराठी, पण तोंडातून आली घरची अहिराणी.

"कोरडी नही साहेब. कोरडी फुटी जास. पहिले पानी शिपडनं पडस. आणि हाई यंत्र मी करेल शे. त्यानी नही."

"कोण बोलतंय?" पुण्याचा आवाज.

सरांनी मला हातानं मागे सारलं. "काही नाही सर. झाडणारी बाई आत आली."

आणि लगेच पंकज, "म्हणजे सर, आधी पाणी शिंपडून मऊ करावी लागते. ते सांगायचं राहिलं माझं."

"उत्तम," पुणे म्हणालं.

यंत्र मी केलंय असं सांगून मी तिथेच उभी होते. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा सरांनी बटण दाबून फोन उचलून कानाला लावला होता. आता खोलीत फक्त त्यांचंच "हो सर, हो सर" ऐकू येत होतं. माझं बोलणंसुद्धा त्यांनीच वापरून घेतलं. मी ओरडायला हवं होतं. तो फोन हिसकायला हवा होता. मी काहीच केलं नाही. समान संधीचा अर्थ मला तिथे कळला. तोंड दिसत नाही म्हणजे माझ्या जागी कोणालाही बसवता येतं.

दुसरा नंबर आला. स्नेहसंमेलनात सरांनी पंकजला हार घातला आणि मग माझं नाव पुकारलं, सहाय्यक म्हणून. मी बसूनच राहिले. दुसऱ्यांदा पुकारलं. आजूबाजूच्या मुली मला ढोसायला लागल्या, "अगं जा ना!" मी गेले नाही. सर माईकवर हसून म्हणाले, "लाजतेय." सगळं सभागृह हसलं.

खरी गोष्ट पुढच्या हंगामात झाली. पंकजच्या वडिलांनी लोहाराकडून तसे पाट करून घेतले. लोखंडी, माझ्यापेक्षा चांगले. पहिल्या आठवड्यात बाया खूश होत्या. हाताला फडकी बांधून बसल्या. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या बायांना सांगितलं, येऊ नका. त्यात आई होती. शेजारची जोहराचाची होती.

आई दुपारी उन्हाची घरी आली. हंगामात दुपारी आई घरात, हे मी प्रथमच पाहत होते. तिचे हात स्वच्छ होते. ती उंबऱ्यावर बसली.

"तुन्हं यंत्र चांगलं शे बेटा," ती म्हणाली. "एकली बाई दोघीस्नं काम करस. मंग तो आम्हले कसाले बलाई?"

मी म्हणाले, "मी तुझ्या हातासाठी केलं होतं."

"पन तू माले इचारं का?"

नव्हतं विचारलं. पुण्याला कळवलं, सरांना दाखवलं, पाच पाट ठोकले. आईला एकदाही विचारलं नाही, की बाई, हे आलं तर तुझं काय होईल? सरांनी आधी मला न विचारता ठरवलं, मग सही घेऊन माझ्या जागी पंकजला बसवलं. मीही आईला न विचारताच तिचा प्रश्न घेऊन पुण्याला निघाले होते. आईनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उठून चूल पेटवायला लागली.

सरांना मी माफ केलेलं नाही. पंकजला नाही. स्वतःलाही नाही. त्या दुपारी मी जे ठरवलं ते आजपर्यंत मोडलेलं नाही. डोक्यात काही आलं तर ते आधी ज्यांचे हात जळतात त्यांच्यापुढे ठेवायचं. त्या हो म्हणाल्या तर करायचं, त्यांच्याच मालकीचं करायचं. नाही म्हणाल्या तर मोडून टाकायचं. आणि आमच्या वतीनं बोलायला कोणी उभा राहिला, कितीही भला असो, तर त्याला भर सभेत खाली बसवायचं.