भिंत नसलेलं दार
"तू जा."

"मी नाही जाणार."

"मग पडदा उघडायचा कशाला? लोकांना चहा पाजून घरी पाठव."

"ताई, ती येतेय."

"येत नाहीये. नर्स आहे ती. तिच्या जागी येणारी आली नाही, आणि आजारी माणसं सोडून ती तुझ्या नाटकात बहीण व्हायला धावत सुटणार नाही. फोनवर तूच बोललीस ना?"

"निघाले की कळवते, म्हणाली."

"असं म्हणणारी माणसं निघत नसतात."

विंगेत, पडद्याच्या दोरीशी, दोघी बहिणी कुजबुजत भांडत होत्या. दोरी थोरलीच्या हातात होती. धाकटीच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून ती चष्मा काढून पदराने पुसत होती आणि पुन्हा घालत होती. या धाकटीला सगळा वर्ग बाई म्हणतो.

शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बाई अभिनय शिकवते. शिकायला येतात ती पिकल्या केसांची माणसं, ज्यांनी घरच्या कार्यातही कधी चार शब्द बोललेले नसतात. हॉलमध्ये एक दार उभं आहे. चौकट आहे, कडी आहे, आजूबाजूला भिंत मात्र नाही. नव्या माणसाला कितीतरी दिवस वाक्यच मिळत नाही. त्याने फक्त त्या दारातून आत यायचं.

"बाहेर काय ठेवून आलात ते आधी ठरवा," बाई सांगते, "मग कडी काढा."

कुणी छत्री विसरल्यासारखा येतो, कुणी चोरासारखा. नर्सने पहिल्या दिवशी सवयीने दारावर टकटक केली तेव्हा सगळे खो-खो हसले होते. "हसू नका," बाई म्हणाली, "तिच्यासाठी आत माणूस आहे. तुमच्यासाठी नुसती खोली आहे."

पण बाईला त्या दारातून येताना कुणीच पाहिलेलं नाही. ती शिकवते ते कडेला उभी राहून. प्रयोगाला विंगेत उभी राहते आणि प्रत्येकाच्या वाक्याबरोबर ओठ हलवते. अडलेला माणूस मान वळवतो, ओठ वाचतो आणि पुढे जातो. बाईंचे ओठ आहेत तोवर पाठांतर कशाला, अशी वर्गात थट्टा चालते.

खरं काय ते ताईला ठाऊक होतं. बाई एकेकाळी नाटकात काम करायची. एका प्रयोगात, दुसऱ्या अंकात, तिचं वाक्य गेलं. शोधलं असतं तर सापडलंही असतं, पण शोधायला आत कुणी उरलंच नव्हतं. ती नुसती उभी राहिली. आधी कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी हसलं. तो खोकला अजून तिच्या मानेवर बसलेला होता. त्यानंतर ग्रुप फोटोतसुद्धा ती मागच्या रांगेत उभी राहायची.

पोस्टमास्तर आले. निवृत्त गृहस्थ, आज भावाच्या भूमिकेत. पावडर घामाने ओघळलेली.

"बाई, नर्सबाई आल्या?"

"वाटेत आहेत."

ताईने बहिणीकडे पाहिलं. बाईने दोरीकडे.

"माझी सून आलीये. पहिल्याच रांगेत. आमच्या खिडकीशी माणसं एकेक यायची हो. ही सगळी एकदम बसलीत. मी विसरलो तर?"

"माझ्याकडे बघा."

"तुम्ही इथंच आहात ना?"

"मी कुठं जाणार?"

तिसरी घंटा झाली. पडदा बाजूला झाला आणि उजेडात पोस्टमास्तर खुर्चीवर पेपर वाचत बसलेले दिसले. विंगेला लागून वर्गातलं ते दार उभं केलं होतं. गोष्ट साधी: भांडून गेलेली बहीण बऱ्याच वर्षांनी घरी येते. भाऊ स्वतःशीच थोडं पुटपुटतो, मग दार वाजतं. पोस्टमास्तर एकदाच अडले, ओठ बघून सावरले.

बाईने फोन पाहिला. काहीच आलेलं नव्हतं. पुढचं पान सोडून द्यावं, पोस्टमास्तरांना खूण करावी, असा तिचा हिशेब चालला होता, इतक्यात टकटक झाली. ताईने न विचारता लाकडी खोक्यावर बोटं आपटली होती.

"काय केलंस?" बाई कुजबुजली.

"दार वाजवलं. माझं काम आहे ते."

"कोण आहे?" पोस्टमास्तर म्हणाले.

कुणीच आलं नाही.

"कोण आहे?"

त्यांनी मान वळवली आणि बाईच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलेनात. हलवून करणार काय? आता वाक्य पोस्टमास्तरांचं नव्हतंच, नाटकातल्या बहिणीचं होतं. ते बघतच राहिले, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसे.

प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

हे खोकणं बाईच्या ओळखीचं होतं. यानंतर काय येतं तेही तिला माहीत होतं, आणि ते पहिल्या रांगेत, सुनेच्या डोळ्यांदेखत त्या माणसावर येणार होतं.

"हे बघ," ताई तिच्या कानाशी आली. "मी इथंच उभी राहते. सगळं पाठ आहे माझं. मी ओठ हलवीन. माझ्याकडे बघत राहशील ना?"

चष्म्याशिवाय बाईला स्वतःचा तळहातही धड दिसत नाही. तिने चष्मा काढला, ताईच्या हातात ठेवला, कडी काढली आणि दारातून आत गेली.