पंतांची नायिका भोपाळला येते

त्या काळी भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कुणालाही विचारलं असतंत, तर त्यानं छातीठोकपणे सांगितलं असतं की नरहरपंत पांढरीपांडे म्हणजे संगीत नाटकांतले एकेकाळचे गाजलेले नायक. कारखान्यातल्या हिंदी मंडळींना एवढं लांब आडनाव झेपायचं नाही. ते त्यांना पांडेजी म्हणत आणि बनारसकडचे समजत. पंतांनी तेही कधी नाकारलं नाही. आपल्याबद्दल कुणी चांगलं बोललं की नाकारायचं नाही, हा त्यांचा एकच नियम होता आणि तो मात्र त्यांनी कसोशीनं पाळला.

मी विजया. नवरा हेमंत कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये, माहेर इंदूरचं. पंतांच्या नाट्यसंगीत कार्यशाळेत पायपेटी वाजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण अख्ख्या बरखेड्यात पायपेटी आमच्याच क्वार्टरमध्ये होती. पंत कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट इश्यू करायचे. आठवडाभर खाकी शर्टात खाली मान घालून बसणारा हा माणूस रविवारी रेशमी झब्बा चढवून, मिशीला काळं फासून, कानात अत्तराचा फाया खोचून मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शिरला की बायका उठून उभ्या राहायच्या. मीही राहायचे, काय करता!

काय शिकवायचे म्हणाल, तर पहिला अख्खा रविवार प्रवेश कसा घ्यायचा यात जायचा. बँकेतल्या कॅशियरची बायको निर्मला हॉलच्या दारातून इतक्यांदा आत आली की चपरासी हिंदीत विचारून गेला, मॅडमचं काही हरवलंय का. मग शेला. शेला असा सोडायचा की लोकांना वाटलं पाहिजे तो आपणहून सुटला. मग तान. "टाळी पडेपर्यंत तान सोडायची नाही," पंत सांगायचे. नाहीच पडली टाळी तर? "तर श्वास जाईपर्यंत." टाउनशिपच्या शाळेत शिकवणारी शालिनी बिचारी आज्ञाधारक, ती एकदा खरंच चक्कर येऊन माझ्या पेटीवर पडली. सगळे पाणी आणायला धावले आणि पंत म्हणतात, "बघा, याला म्हणतात समरस होणं!"

स्वतः मात्र हा गृहस्थ कधी गायचा नाही. पहिला शब्द गुणगुणायचा, डोळे मिटायचे, हात वर जायचा, आणि मग, "पुढे तुम्ही घ्या. मी घसा जपतोय." वर्षानुवर्षं जपत होते. कशासाठी, कुणास ठाऊक! तरी इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, जिथं जिथं मराठी मंडळ तिथं तिथं पंतांची कार्यशाळा व्हायची आणि शाल-श्रीफळ मिळायचं. लोकांची कारकीर्द नाटक कंपनी सोडली की संपते, पंतांची मात्र कंपनी सोडल्यावर वाढीला लागली. आधी ते नायक होते, मग प्रमुख नायक झाले, आणि पुढे पुढे तर रत्नप्रभाबाईंचे नायक झाले. रत्नप्रभाबाई म्हणजे पंतांच्या जुन्या कंपनीच्या नायिका, ज्यांच्या गाण्यासाठी एके काळी विदर्भात लोक बैलगाड्या जुंपून यायचे. पंत त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे.

खरं काय ते मला पंतांच्या बायकोनं सांगितलं. मालतीताई अगदी नागपूरच्या, बोलायला मोकळ्या. सत्कारांच्या नारळांचं काय करायचं म्हणून त्या बर्फी थापत होत्या आणि मी वड्या पाडत होते. मी सहज म्हटलं, "पंतांच्या नायकाच्या कामाचा एखादा फोटो नाही का हो?"

"कायचे नायक, विजयाताई!" त्या फसकन हसल्या. "विंगेत बसून वाक्यं सांगत होते जी. प्रॉम्प्टर होते, प्रॉम्प्टर! इथं आलो तेव्हा गणपतीत कोण्या शहाण्यानं माइकवरून सांगितलं, हे नायक होते म्हणून. हे गप्प राहिले. ते गप्प राहिले ते आतापर्यंत गप्पच आहेत. मला शपथ घातली आहे, तुम्ही बोलू नका बाप्पा कोणाजवळ."

मी बोलले नाही. हेमंतला सांगितलं, पण नवऱ्याला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे. मला पंतांचा राग प्रॉम्प्टर असण्यावरून आला नाही हो. इतक्या बायकांना त्यांनी धापा टाकायला लावलं त्याचा आला. शिवाय त्यांना गाता येत नाही आणि आपल्याला येतं, या विचारानं पेटी वाजवताना मला जरा बरंच वाटायचं.

आणि मग मंडळाच्या रौप्यमहोत्सवाला अरविंद नेवासकरांनी घोळ घातला. अरविंद म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी. उत्साही माणूस. उत्साही माणसाइतका धोका मी कुठं पाहिला नाही. त्यांनी पंतांना न विचारता, त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून, अमरावतीला पुतण्याकडे राहणाऱ्या रत्नप्रभाबाईंना मास्टरक्लासचं आमंत्रण धाडलं. बाईंचा होकार आला आणि भर सभेत अरविंद ओरडले, "पंत, तुमच्या नायिकेला बोलावलंय!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. पंतांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हॉलमध्ये ते पाहणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि मालतीताई. पुढचे दिवस पंतांनी काय काय केलं! आधी त्यांना ताप आला. मग चंद्रपूरला बहिणीची तब्येत बिघडली. मग स्टोअरमध्ये स्टॉक तपासणी निघाली. अरविंदांनी थेट मॅनेजरकडून सुटी आणून दिली आणि मालतीताई म्हणाल्या, "आता भोगा." पंत माझ्याकडे आले आणि पेटीवरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, "वहिनी, या वयात माणसानं काय तोंड घेऊन राहायचं इथं? स्टोअरमध्ये मला कोण ओळखतं? रविवार गेला तर माझ्याकडे काही उरत नाही." मला त्यांची दया आली असती, पण त्यांनी लगेच विचारलं, बाईंच्या शेजारी बसायची खुर्ची जरा उंच मिळेल का.

हबीबगंज स्टेशनवर बाई उतरल्या तेव्हा आम्ही सगळे हार घेऊन उभे होतो. सत्तरी उलटलेली, मोतीबिंदूचा जाड चष्मा, नऊवारी, आणि हातातली पिशवी कुणाला घेऊ देईनात. अरविंदांनी पंतांना अक्षरशः पुढे ढकललं. "बाई, ओळखलंत का? तुमचे नायक!"

बाईंनी चष्मा सारखा केला. पंतांना खालून वर न्याहाळलं. मिशी पाहिली, टक्कल पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं, आता उडतोय फज्जा.

"माझे नायक?" बाई म्हणाल्या. "माझे नायक सगळे वारले हो."

सगळे खाली बघायला लागले. आणि पंतांच्या चेहऱ्यावर रंग परत आला! ओळखलं नव्हतं त्यांना बाईंनी. कसं ओळखणार? तेव्हाचा काडीसारखा, भरपूर केसांचा पोरगेला माणूस, आणि तोही विंगेतल्या काळोखात उकिडवा बसलेला. पंतांनी हार घातला, वाकून नमस्कार केला आणि अरविंदांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वय झालंय. विसरतात आता. मलासुद्धा विसरल्या, म्हणजे बघा!"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. संध्याकाळपर्यंत पिपलानीपासून साकेत नगरपर्यंत बातमी पसरली की बाईंची स्मृती गेलीय. बायका त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागल्या. निर्मलानं त्यांना विचारलं, जेवलात हे आठवतंय ना? बाई म्हणाल्या, "आठवतंय. भाजीत मीठ नव्हतं." त्यांना सगळं कळत होतं. जाता जाता त्यांनी माझ्या पेटीचा भाता दाबून पाहिला आणि म्हणाल्या, हवा गळतेय, चामडं बदल. तेच खरं होतं.

मास्टरक्लासला हॉल खच्चून भरला. शेजारचे बंगाली, मल्याळी झाडून आले होते. प्रास्ताविक पंतांनी केलं आणि आता भीती उरली नसल्यानं लगाम सुटला. म्हणाले, याच हातांनी बाईंचा हात धरून मी प्रवेश रंगवले. म्हणाले, "बाईंना आज आठवत नाही. पण मला आठवतं. दोघांपैकी एकाला आठवलं म्हणजे पुरे!" लोक गहिवरले. बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या आणि त्यांच्या तोंडावरची रेघही हलली नाही. मला वाटलं, उठावं आणि माइक हिसकावून घ्यावा. पण मालतीताईंना दिलेला शब्द होता, म्हणून बसून राहिले.

आधी शालिनी गायली, बाईंचंच गाजलेलं पद. "दीप उजळिले दारी मी गे". तान घेताना ती लालबुंद झाली. बाईंनी हात वर करून थांबवलं. "कुणी शिकवलं असं बोंबलायला?"

शालिनीनं पंतांकडे बोट केलं. "त्यांना कमी ऐकू येतं वाटतं," बाई म्हणाल्या आणि हॉल हसला. मग त्या काठी टेकत उठल्या. "ही बाई वाट बघतेय. वाट बघणारा माणूस ओरडत नाही, कान देतो. पद, आणि मग त्यापुढचं बोलणं, दोन्ही करून दाखवते. दे ग सूर."

मी सूर दिला. बाईंनी पहिली ओळ घेतली. आवाज झिजलेला होता, वरच्या सुरात चिरकलासुद्धा, पण काय सांगू, अंगावर काटा आला. मागचे मल्याळीसुद्धा गप्प झाले. आणि दुसरी ओळ आलीच नाही.

बाईंचा हात वर तसाच राहिला. मी मधला तुकडा परत वाजवला. बाईंनी पहिली ओळ परत घेतली, पुन्हा तिथंच अडकल्या. मी तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा कुजबुज सुरू झाली. "पंत म्हणालेच होते." "अरेरे, बिचाऱ्या." बाईंना ते ऐकू गेलं असणार, कारण वर राहिलेला हात त्यांनी आता खाली घेतला. एका जन्मात मिळवलेलं नाव ती बाई आमच्या हॉलमध्ये, नटबोल्ट मोजणाऱ्या माणसाच्या थापेपायी घालवून बसणार होती.

पंत स्टेजच्या कडेला उंच खुर्चीत बसले होते. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. बाई विसरल्या की पंत खरे ठरत होते, आणि ते कायमचे! मी त्यांच्याकडे खाऊ की गिळू अशी पाहत होते. मनातल्या मनात पेढे वाटत असतील, दुसरं काय.

पंतांचे ओठ हलत होते. मग ते उठले. लोकांना वाटलं, बाईंना आधार द्यायला निघाले. पण ते बाईंकडे गेलेच नाहीत, पाठीमागून झरझर विंगेत शिरले आणि आतून आवाज आला. ना सूर, ना भाव, कोरडा ठक्क आवाज.

"पाउल न वाजे अजुनि तयाचे."

त्यांची ओळ पुरी व्हायच्या आत बाईंनी ती उचलली आणि गायला लागल्या. हात परत वर गेला. ओळ संपवून, विंगेकडे न बघता, त्या म्हणाल्या, "नरहर, तूच ना रे तो? अजून पुटपुटतोसच. जरा मोठ्यानं सांग."

हॉलमधल्या मठ्ठातल्या मठ्ठालाही कळलं. अरविंदांचं तोंड उघडंच राहिलं. निर्मला शेजारणीला विचारत होती, "म्हणजे नायक नव्हते?" पहिल्या रांगेत मालतीताईंनी पदरानं डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुटले बाप्पा एकदाचे!"

विंग माझ्या पेटीला लागूनच होती, म्हणून मला ते दिसत होते. रेशमी झब्बा धुळीत, गुडघे छातीशी, नजर बाईंच्या ओठांवर. बाईंना गरज पडायच्या जेमतेम आधी शब्द यायचा. एकदाही लवकर नाही, एकदाही उशिरा नाही. वर्षानुवर्षं बायकांना दारातून आत-बाहेर करायला लावणारा हाच का तो माणूस! हे का नाही शिकवलंत, मूर्ख माणसा, हे का लपवलंत? मला इतका राग आला की डोळ्यांना धारा लागल्या आणि पेटीच्या पट्ट्या दिसेनात.

पद संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बाई काठीवर रेलून विंगेकडे वळल्या.

"नाटकाच्या पत्रिकेत प्रॉम्प्टरचं नाव छापत नाहीत," त्या लोकांना म्हणाल्या. "तोंड तर याचं मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाहेर ये, नरहर. नायक व्हायची हौस आहे ना तुला? ये, उभा राहा माझ्याशेजारी, लोकांना बघू दे."

टाळ्या थांबल्या. सगळा हॉल विंगेकडे बघत राहिला. पंत हलले नाहीत. बाईंनी सांगितलं होतं तसं, या वेळी न पुटपुटता, ते आतून म्हणाले, "बाई, पुढचं वाक्य तुमचं आहे."