एकाच नावाच्या दोन फायली

नवा फोल्डर उघडला तेव्हा स्क्रीनच्या तळाशी दोनशे एक्क्याण्णव हा आकडा होता आणि बाबांच्या फोटोंच्या वहीतला शेवटचा नंबर होता तीनशे अठरा. मी आधी वही तपासली. स्वतःच्या प्रोग्रॅमपेक्षा बाबांच्या अक्षरावर संशय घेणं मला सोपं वाटलं, म्हणजे बघा मी केवढा शहाणा होतो. वही चोख होती. एकही नंबर गाळलेला नव्हता, एकही दोनदा आलेला नव्हता. जन्मभर शाळेत हजेरी मांडलेल्या माणसाची वही ती, तिथे कसली चूक सापडणार!

हे दोन हजार साल उलटल्यानंतरचं. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासात नव्या मुलांना माउस धरायला शिकवत होतो. त्याच्या बदल्यात दुपारी दोन ते चार, क्लास रिकामा असताना, तिथले सर मला एक मशीन आणि स्कॅनर वापरू द्यायचे. बाबा निवृत्त झाल्यापासून आमच्या कुलवृत्तांताच्या मागे लागले होते. आपल्या आडनावाचं मूळ घर कुठलं, कोण कुठे जाऊन राहिला, कोणाला किती मुलं, सगळं लिहून काढायचं आणि ज्याचा मिळेल त्याचा फोटो छापायचा. आंजर्ले, बुरोंडी, नाटे, जिथे म्हणून आमच्या आडनावाचं घर आहे किंवा आमच्यातली मुलगी दिलेली आहे, तिथे ते एस.टी.चे धक्के खात जायचे. लोकांच्या भिंतीवरचे, ट्रंकेतले फोटो मागून आणायचे, मी ते स्कॅन करायचो आणि आठवड्याच्या आत बाबा ज्याचा त्याला नेऊन पोचवायचे. वैशाखात कुलसंमेलन होतं. त्या दिवशी पुस्तक लोकांच्या हातात पडायलाच हवं, असं बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

स्कॅनर फायलींना नुसते नंबर द्यायचा. छापखानेवाल्याने बजावलं, हे आकडे मला नकोत, ज्याचा फोटो त्याचं नाव फाइलला द्या. तीनशे अठरा नावं एकेक करून बदलायची तर दोन-तीन दिवस गेले असते, पण मला प्रोग्रॅमिंगचं नवंनवं वारं लागलेलं. मी एक यादी टाइप केली. डावीकडे नंबर, उजवीकडे माणसाचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव. आडनाव घातलं नाही, अख्खं पुस्तकच एका आडनावाचं, ते कशाला पुन्हापुन्हा टाइप करा? मग ही यादी वाचून प्रत्येक ओळीसाठी एक हुकूम लिहून देणारा दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम केला. हुकूम एवढाच, की ही फाइल उचल, तिला हे नाव दे आणि नव्या फोल्डरमध्ये नेऊन ठेव.

मी अगदीच बेसावध होतो असंही नाही. आधी दोन फायलींवर हाताने करून पाहिलं. मुद्दाम दोघींना एकच नाव दिलं, तर मशीनने विचारलं की या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही घालू का? मी खूश. म्हटलं, चला, हे विचारून करतं, चिंता मिटली. मग सगळे हुकूम एका फाइलीत घालून एकदम सोडले. ओळी धडाधड वर सरकत गेल्या आणि पाच मिनिटांत काम फत्ते. सरांना बोलावून दाखवलं, त्यांनी पाठ थोपटली. त्या भरात मी आणखी एक आगाऊपणा केला. मशीन जड चालतंय असं वाटत होतं, म्हणून डिस्क आवरून ठेवणारा प्रोग्रॅमही चालवला. तो तासभर बारीकबारीक चौकोन इकडचे तिकडे करत होता आणि मी त्याच्याकडे कौतुकाने बघत बसलो होतो.

आकडा पाहिला तो दुसऱ्या दिवशी. काय कमी आहे ते कळेना, म्हणून सहज एक नाव शोधलं, बाबांच्या वडिलांचं. फाइल उघडली तर स्क्रीनवर मी. कॉलेजच्या फॉर्मसाठी काढलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, मी.

मला आजोबांचं नाव ठेवलेलं आहे. बाबांना त्यांच्या आजोबांचं. त्यामुळे आजोबांचं नाव वडिलांच्या नावासकट लिहा नाहीतर माझं लिहा, अक्षरन् अक्षर तेच. आमच्यात घरोघर हीच रीत, आजा गेला की पुढे जन्मणाऱ्या नातवाला त्याचं नाव. माझी यादी मूळ पुरुषापासून खाली येत होती. आजा आधी नव्या फोल्डरमध्ये गेला आणि मागून आलेला नातू त्याला पुसून त्याच्या जागी बसला. मशीनने विचारलं का नाही, तेही क्लासातल्या जाड पुस्तकात सापडलं. हाताने हुकूम दिला तर ते विचारतं, पण फाइलीत घालून एकदम सोडले तर मुकाट करून टाकतं. आईच्या तोंडून मी माझं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, कारण सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती मला बाळ म्हणायची. इतकं रोजचं, अंगवळणी पडलेलं, आणि यादी टाइप करताना माझ्या टाळक्यात शिरलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सत्तावीस माणसं गेली होती. सव्वीस जणांचे मूळ फोटो आपापल्या घरी होते, पुन्हा मागून आणता आले असते. आजोबांचा कुठेच नव्हता.

तो एकच फोटो होता, आत्याकडे, बुरोंडीला. बाबा नऊ वर्षांचे असताना आजोबा गेले आणि फोटो आत्याने लग्नात सासरी नेला. वर्षानुवर्षांच्या दमटपणाने तो फ्रेमच्या काचेला चिकटून बसला होता. आम्ही काचेसकटच स्कॅन केला. कपाळावर थोडी चमक आली होती, बाकी चेहरा स्वच्छ होता. पण बाबांना ती चमक खपेना. काच काढून पुन्हा कर म्हणाले, आणि मी नको नको म्हणत असताना स्वतःच सुरीचं पातं घालून सोडवायला बसले. चेहरा पापुद्र्यांनी सुटला. निम्मा काचेवर, निम्मा बाबांच्या नखात. बाबा म्हणाले, असू दे, कॉम्प्युटरात आलाय ना, झालं तर. भंगलेला फोटो घरात ठेवत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी काचेसकट फडक्यात बांधून त्यांनी तो भाट्याच्या खाडीत सोडला. आत्याला काही सांगितलं नव्हतं. पुस्तक झालं की त्याच स्कॅनवरून मोठा फोटो करून, नवी फ्रेम घालून तिला द्यायचा, असं ठरलं होतं. ती दर रविवारी फोन करून फ्रेमची चौकशी करायची.

मी सरांना सांगितलं. ते धावत आले, खुर्ची ओढली, आणि पहिला प्रश्न विचारला की यानंतर या मशीनवर काही केलंस का? मी डिस्क आवरल्याचं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, नुसतं पुसलं असतं तर काही ना काही हाती लागलं असतं, तू वर झाडू मारून ठेवलास. सगळे फोटो आधी सीडीवर का काढून घेतले नाहीस, असंही विचारलं. सगळं नीट झालं की एकदाच सीडी काढू असं ठरवलं होतं, हे सांगायची मला लाज वाटली. तरी त्यांनी दोन दुपारी घालवून कुठलेकुठले प्रोग्रॅम लावून पाहिले. फायलींचे तुकडे निघाले. एकात कोणाचा तरी खांदा आणि फेट्याचं टोक होतं. आजोबांचं त्यातलं काही नव्हतं.

मी तीन दिवस बाबांना सांगितलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय! जेवायला बसलं की बाबा विचारायचे, नावं घालून झाली का रे? मी हो म्हणायचो. ते खोटंही नव्हतं, त्यामुळे जास्तच खुपायचं. त्या तीन दिवसांत मी काय काय मनात आणलं ते आठवलं की आजही घाम फुटतो. वीज गेली आणि मशीन बिघडलं असं सांगावं. सरांवर ढकलावं. मुंबईला मावशीकडे निघून जावं आणि तिथून पत्र टाकावं. बाबांचा हात उठायचा नाही, त्याची भीती नव्हती. त्यांचा चेहरा कसा होईल, तो मला बघायचा नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा पडवीत बसून प्रस्तावना लिहीत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"बाबा, आजोबांचा फोटो गेला."

"गेला म्हणजे? कुठे गेला?" त्यांना वाटलं, कोणीतरी नेला.

"पुसला गेला. माझ्या हातून. आता नाही मिळणार."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. बाकीचे किती, असं विचारलं. मी सव्वीस म्हटलं, आणि ते परत मिळतील असं घाईघाईने जोडलं. बाबा उठले, वही काढली, सव्वीस नावांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि मला म्हणाले, स्टँडवर जाऊन सकाळची आंजर्ल्याची गाडी किती वाजता आहे ते बघून ये. एवढंच. चार शब्द बोलले असते, पाठीत धपाटा घातला असता तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

पुढचा महिना आम्ही दोघं फिरत होतो. प्रत्येक घरी पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आत बाबा सांगून टाकायचे की आमच्याकडून चूक झाली, फोटो पुन्हा हवाय. 'आमच्याकडून' म्हणायचे. एकदाही माझ्याकडे बोट केलं नाही. सव्वीसच्या सव्वीस मिळाले. मी ते हाताने, एकेक करून, नावात गाव आणि जन्मसालही घालून ठेवले आणि रोजच्या रोज सीडीवर घेतले.

पण एक विचित्र गोष्ट सुरू झाली. फोटो द्यायला बाबा दुपारी क्लासात यायचे आणि काम झालं की म्हणायचे, ती फाइल उघड बघू एकदा. कुठली ते विचारावं लागायचं नाही. मी आजोबांचं नाव शोधायचो, फाइल उघडायचो, मी दिसायचो. बाबा चष्मा सावरून बघत राहायचे. मी म्हणायचो, बाबा, किती वेळा उघडली तरी तेच येणार. ते होय होय म्हणायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा सांगायचे. त्यांना खरंच वाटत असावं की एखाद्या दिवशी येईल. मला ते बघवायचं नाही, पण नाही कसं म्हणणार?

पुस्तक छपाईला जायला आठवडा राहिला तेव्हा बाबांनी आत्याला बोलावून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. ती रडली, बाबांना बोलली, मला मात्र काही बोलली नाही. आपल्या बापाचं नाव ठेवलेल्या भाच्याला ती लहानपणापासून कधी रागावलेली नव्हती. मग तिनेच सुचवलं की आपण दोघं आहोत अजून, आठवेल तसं सांगून चित्र काढून घेऊ. बाबांच्या शाळेतले चित्रकलेचे सर दुपारी घरी आले. पडवीत चटई घातली, सरांनी कागद लावला आणि पेन्सिल टोकली.

आत्या भराभर सांगू लागली. कपाळ मोठं, भुवया जाड, मिशा खाली वळलेल्या. सर काढत गेले. आत्याने बाबांना विचारलं, हनुवटी कशी रे होती, तुला चांगली ठाऊक असेल, तू त्यांच्या मांडीवर असायचास. सर थांबले. आत्याने पुन्हा विचारलं. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले ते थेट माझ्याकडे बघतच.

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "मी नऊ वर्षांचा होतो. मला फोटोतलेच माहीत होते. आता आठवायला गेलो की याचाच फोटो दिसतो. भांग पाडलेला. महिना झाला, मी प्रयत्न करतोय."

मी उठून आत गेलो आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहून रडलो. बाहेर बाबा सरांना सांगत होते की पुस्तकातली त्यांची चौकट मोकळीच सोडू, खाली फक्त नाव छापू. मग मला हाक मारून म्हणाले, सरांचा चहा आण.