स्पीकरवर माय

"फोन निकालो. घर लगाओ. स्पीकर पे," सर म्हणाले.

मी फळ्यासमोर उभी. फळ्यावर माझंच वाक्य. आय वाँट वर्किंग इन बँक. वाँटच्या पुढं टू पाहिजे, एन्जॉयच्या पुढं आयएनजी. पाठ होतं मला. पण घाई झाली की माझ्या हातून आयएनजीच पडते. आमच्या घरी कोणी 'जेवत आहे' म्हणत नाही, 'जेवून राहिली' म्हणते; सगळं चालूच, आयएनजीसारखं. जन्मापासून तोंडात बसलं ते. त्याले मी काय करू?

सर गोंदियातले, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. "अब सुनो, ये बीमारी आती कहाँ से है," ते वर्गाला म्हणाले.

बँकेच्या परीक्षेचा क्लास होता. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावातून तिथवर पोचलेली मी एकटी. तिथून काढलं तर परत धानाच्या बांधीत वाकायचं, दुसरं काहीच नव्हतं. लावला फोन.

रोवण्याचे दिवस, माय बांधीत. मी दिवसा कधी फोन करत नाही, म्हणून माय घाबरली. "काय झालं वं? बरी आहेस ना? चिखलातून पळत आली मी."

वर्ग हसला.

"कोन हासून राहिले? तू काऊन बोलून नाही राहिली?"

मग तर पोरांनी बाकं वाजवली. रडूसुद्धा येईना. "टीव्ही चालू आहे," मी म्हटली. "बरं. जेवून घेजो," माय म्हणाली अन् फोन ठेवला. माझ्या भाड्याच्या खोलीत टीव्ही नाही, हे तिला चांगलं माहीत आहे.

पुढं कितीतरी दिवस तिचा फोन नाही. मीच लावला. "मी स्वयंपाक करत आहे," ती म्हणाली. थांबून थांबून. पुस्तकातलं. माझी माय माझ्याशीच परक्यासारखी बोलली. त्या दिवशी मी खूप रडली.

मग क्लासला नवी बॅच आली. सरांनी परत मलाच उभं केलं. "फोन लगाओ. इनको भी सुनाओ."

"नाही लावत."

"तो बाहर जाओ."

गेली. माझ्यामागं कोणी उठलं नाही. ज्या पोरींच्या मायाही तशाच बोलतात, त्या खाली मान घालून लिहीत राहिल्या. सरांनी दार लावून घेतलं. मला परत क्लासात घेतलं नाही.

आता खोलीवरच, नेट आलं की मोबाईलवर शिकून राहिली. रोज चुकून राहिली. परीक्षा निघन का नाही, देव जाणे. पण इंग्रजी सोडत नाही. ते सरांच्या बापाचं नाही.

काल मायला म्हटलं, "तसं नको बोलू. तुह्यासारखी बोल." ती मग म्हणाली, "मी जेवत आहे."

तिची बोली मी त्या वर्गात घालवली. ती परत येईपर्यंत रोज फोन लावीन. अन् इंग्रजी येईल त्या दिवशीही घरी असंच बोलीन, कोणी हासो.