फक्कीचा डबा

रोकडे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी नव्या कॉलेज रोडच्या तिठ्यावर उभी होते आणि माझ्या हातात त्यांचाच डबा होता. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला, जुना तुपाचा पत्र्याचा डबा. त्यात चुन्याची फक्की भरून आम्ही रस्त्यावर रेघा मारतो. फोन त्यांच्या मुलीचा होता. "ताई, पप्पा गेले... सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच," एवढंच ती बोलू शकली. अवसरीला त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा चपलांना फक्की तशीच होती. आता काही आठवडे झाले. त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहा, असं सगळे म्हणतात. दोन शब्दांत मावणारा माणूस तो नव्हता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डिग्री घेऊन नगरपंचायतीत लागले, तेव्हा रोकडे सर तिथे वरचे इंजिनिअर होते आणि निवृत्तीला आले होते. पहिल्याच दिवशी ठेकेदारांसमोर त्यांनी मला "या मॅडम" म्हणून हाक मारली. एकटे असलो की "रूपाली", पण चार माणसांत कायम "मॅडम". त्यामुळे ठेकेदारांनाही तीच सवय लागली. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

आमचं गाव तेव्हा नुसतं फुगत होतं. ओतूरकडून येणारा रस्ता आणि बेल्ह्याच्या बाजाराकडे जाणारा रस्ता मिळतात, तो आमचा मोठा चौक. कांद्याच्या ट्रॉल्या, जनावरांचे टेम्पो, कॉलेजच्या पोरी, एसटी, सगळं तिथे एकमेकांच्या अंगावर यायचं. अपघात झाला की चार दिवस चर्चा, मग पुन्हा तेच. तिथे मधोमध सर्कल करून चौक मोकळा करायचा, हे सरांचं शेवटचं मोठं काम आणि माझं पहिलं. ड्रॉइंग मी काढलं होतं. सरांनी ते बघितलं, "छान आहे," म्हणाले आणि डबा उचलला. "चल, आता रस्त्याला विचारू."

त्यांची पद्धतच अशी. कागदावरचा चौक आधी फक्कीनं खऱ्या रस्त्यावर आखायचा, कडेला विटा मांडायच्या आणि गाड्या सोडून बघायचं. ज्या जागी टायर फक्की पुसतं, तिथे आपलं ड्रॉइंग चुकलं. टेम्पोवाल्याला कधी दोष दिला नाही त्यांनी. त्या दिवशी आम्ही मोठं रिंगण आखलं. मध्य चुकू नये म्हणून सरांनी एक गोल दगड चुन्यात बुडवून बरोबर मधे ठेवला. दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार होता. खरी परीक्षा तेव्हा होणार होती, म्हणून सगळं तसंच ठेवून आम्ही घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर दगड पिवळा झालेला. भंडारा, फुटका नारळ, उदबत्त्या. टेम्पोवाले गाडी मधेच थांबवून पाया पडत होते. बायका चालत्या वाहनांतून वाट काढत मधोमध जात होत्या. दुपारपर्यंत काही पोरं पत्र्याची शेड टाकायची भाषा करायला लागली. ठेकेदार म्हणाला, "साहेब, आता इथं जेसीबी लावायची कुणाची छाती न्हाई." ते खरंच होतं. शेड उभी राहिली की सर्कल संपलं, आणि दर बाजाराला माणसं धावत्या टेम्पोंमधून वाट काढत देवाला जाणार. सरांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाले, "मी हात लावला तर बातमी होईल, रूपाली. माझं आडनाव ठाऊक आहे सगळ्यांना. बौद्ध माणसानं देव हलवला, म्हणतील."

घरी येऊन मी तणतणत हे सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आगं, कुणीतरी देव बसवला व्हता नव्हं? पांढराशुभ्र, भवती रिंगण काढल्यालं. मी मेंढरं घिऊन चालले व्हते. भंडारा लावल्याबिगर फुडं कशी जाऊ?"

मला रडावं की हसावं कळेना. सकाळी सरांना सांगितलं तर ते इतके हसले, की विटांवर खाली बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "चल तुमच्या घरी. चहा पाजशील ना?"

आईनं आधी पदर सावरला, मग घोंगडी अंथरली. चहा झाला. सर म्हणाले, "वहिनी, दगड मी ठेवला, चुना मी लावला. पण भंडारा तुमचा आहे. आता तो माझ्या एकट्याच्या सांगण्यानं उठायचा नाही."

"सायेब, तुमी तर आमचा देव मानत न्हाई."

"देव मानत नाही. तुम्हाला मानतो."

आईनं कपबशी बाजूला सारली. "मंग अडचण काय हाय, भाऊ? माझ्या लेकीचाबी रस्ता हाय त्यो. मीच उचलते."

सायेबाचा भाऊ झाला तो तिथे.

दुसऱ्या दिवशी आई वस्तीवरच्या बायका घेऊन आली. आमच्यातला ढोल वाजत होता. शेडवाल्यांपैकी एक जण आडवा आला, "हलवायचं कुणी सांगितलं?" आई म्हणाली, "भंडारा मी लावलाय, मीच हलवणार. तुझी आई आली व्हती का लावाया?" सगळे हसले, पोरगा बाजूला झाला. देव घोंगडीत बसून कडेच्या लिंबाखाली गेला. आणि रोकडे सर एक हात वर करून दोन्ही बाजूंची वाहनं थोपवत उभे होते. सगळा चौक त्या एका हातावर थांबला होता.

नंतर सर तिथून हलेनात. लिंबाखाली बायका पाया पडायला थांबत, मग इकडेतिकडे बघून रस्ता ओलांडत. सर म्हणाले, "बघ, माणसं आपणहून थांबतात ती जागा ही. रस्ता ओलांडायचे पट्टे इथून घे." मी पट्टे तिथून घेतले. सर निवृत्त व्हायच्या आत चौक पुरा झाला. तो चौक आमचा आहे, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. निरोपाच्या दिवशी लोकांनी त्यांना शाल दिली, त्यांनी मला डबा दिला. "ड्रॉइंग तुला येतंच. हा सांभाळ," म्हणाले.

ते गेल्याचं मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मेंढरं घेऊन लिंबाखाली गेली, भंडारा लावला, आणि पट्ट्यांवर उतरताना तिनं टेम्पोला एक हात वर करून दाखवला, अगदी सरांसारखा... टेम्पो थांबला.

परवा मी कॉलेज रोडचं राहिलेलं काम पुन्हा धरलं. रिंगण आखलं, कांद्याची ट्रॉली सोडली. एका कोपऱ्यावर टायरनं बोटभर फक्की पुसली. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, एवढंसंच पुसलंय. चालतंय की, राव."

"नाही चालत," मी म्हणाले, आणि डबा घेऊन ती कडा पुन्हा आखायला खाली वाकले.