हातात देणारा कुत्रा

मरोळ गावठाणातल्या, कुत्रे शिकवणाऱ्या पॉलच्या तोंडून माणसांबद्दल चांगला शब्द कुणी फारसा ऐकलेला नाही. त्यातून कुत्रे पाळणाऱ्या माणसांचा विषय निघाला की त्याची बायको ऑलिव्ह सरळ उठून आत भांडी घासायला जाते. तिला ते सगळं पाठ आहे. अठराव्या मजल्यावर लॅब्रडॉर ठेवणारे, त्याच्या वाढदिवसाला केक आणणारे, पावसात त्याच्या पायांत बूट चढवणारे. जे जनावर गळाभर चिखलात शिरून गोळी लागून पडलेलं पाखरू शोधून आणायला जन्माला आलं, त्याला ही मंडळी एसीत झोपवतात आणि वर पॉललाच विचारतात, हा सोफा का खातो म्हणून.

पॉलचा बाप कुत्रे तयार करून बंदूकवाल्या साहेबांबरोबर मालाडच्या खाडीत बदकं मारायला जायचा. शिकारबंदी आली तेव्हा पॉल दहा वर्षांचा होता. बापाच्या काळ्या कुत्रीने आणलेलं बदक त्याने हातात घेऊन पाहिलं होतं, पिसावर दाताची एवढीशी खूण नव्हती. पुढे बंदुका गेल्या, साहेब गेले, पाणथळीवर भराव पडून इमारती उभ्या राहिल्या. पॉलने कुत्र्यांना शिकवणं तेवढं सोडलं नाही. पिसं बांधलेली कॅनव्हासची पिशवी लांब गवतात फेकायची. हुकूम होईपर्यंत कुत्र्याने जागचं हलायचं नाही. मग पिशवी शोधून आणायची, समोर बसायचं, आणि ‘दे’ म्हटल्यावरच ती हातात सोडायची. पिशवी जमिनीवर टाकणारा कुत्रा पॉलच्या लेखी बिनकामाचा आणि टाकू देणारा मालक त्याहून बिनकामाचा.

अशाच एका बिनकामाच्या मालकाने, म्हणजे जोगेश्वरीच्या टॉवरमधल्या देवव्रतने, त्याला बोलावलं. देवव्रतचे वडील, जुने गिरणी कामगार, वारले. आई सुलक्षणाबाई दिवसभर घरात एकटी, म्हणून त्याने लॅब्रडॉर आणून दिला आणि आपण नवराबायको ऑफिसला जायला मोकळे झाले. कुत्र्याचं नाव बिस्किट. नाव ऐकूनच पॉलचं डोकं फिरलं. हा बिस्किट दोन वर्षांत चांगला दांडगा झाला आणि एका सकाळी मांजर दिसल्यावर त्याने सत्तरीच्या बाईंना लॉबीभर फरफटत नेलं. डावं मनगट मोडलं, प्लास्टर आलं. देवव्रतने मग सरळ सांगून टाकलं, सहा आठवड्यांत कुत्रा आईचं ऐकायला लागला तर राहील, नाहीतर कर्जतला मित्राच्या फार्महाऊसवर जाईल. तिथे तो गेटला बांधलेला असणार हे बाईंना कळत होतं. त्यांनी पॉलला एवढंच सांगितलं की तो गेला तर दिवसभर त्यांच्याशी बोलायला घरात कुणी नाही.

पॉल रोज सकाळी टॉवरमागच्या मैदानात यायला लागला. पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं की नाव काही असो, जनावर अस्सल आहे. नाक तेज, तोंड मऊ, डोकं थंड. असा कुत्रा त्याच्या हाताला वीस वर्षांत लागला नव्हता. बाई बाकावर बसून बघायच्या आणि रोज विचारायच्या, आज मी पिशवी घेऊ का? त्यांचा उजवा हात धडधाकट होता. पण पॉलला तो पसंत नव्हता. बाई कुत्र्याशी लाडात बोलायच्या, तो धावत आला की हसायच्या, खिशात चपातीचा तुकडा ठेवायच्या. असल्या हातात पिशवी गेली की महिन्याची मेहनत पाण्यात, असं त्याचं ठाम मत.

‘बाई, तुम्ही बसा,’ तो म्हणायचा. ‘हे तुमचं काम नाही.’

खरं तर हे काम त्यांचंच होतं, आणि पॉलला ते पक्कं ठाऊक होतं. त्याचा बाप शिकवणीचे शेवटचे पंधरा दिवस साहेबाच्या मागे उभा राहायचा आणि साहेबाला हात पुढे करायला लावायचा, कारण कुत्रं हुकूम शिकतं तसा हातही ओळखायला शिकतं. पॉलने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण साहेबाला निदान बंदूक तरी धरता यायची, ही बाई काय धरणार? जगाला नावं ठेवता ठेवता हा गृहस्थ स्वतःचा धंदाच विसरला होता.

सहाव्या रविवारी देवव्रत हातात कॉफीचा मग घेऊन खाली आला. बाईंचं प्लास्टर दोन दिवसांपूर्वीच निघालं होतं. पॉलने आपली शेवटची परीक्षा काढली, कच्चं अंडं. ते त्याने गवतात दूर ठेवलं आणि बिस्किटला सोडलं. बिस्किटने ते अलगद उचललं, पण तो बाईंनी पुढे केलेल्या हाताजवळून सरळ पुढे गेला आणि पॉलसमोर येऊन बसला. पॉलने अंडं वर धरून दाखवलं. एक तडा नव्हता. मूर्खासारखी त्याची छाती फुगली.

‘झकास,’ देवव्रत म्हणाला. ‘आता आईकडे.’

पुन्हा अंडं ठेवलं. बाईंनी हात पुढे करून ‘दे’ म्हटलं. बिस्किट त्यांना वळसा घालून पॉलकडे आला. पॉलने पाठ फिरवली, तर तो फिरून पुढे येऊन बसला. पॉल मैदानाच्या भिंतीपलीकडे जाऊन उभा राहिला. बिस्किट भिंतीशी बसून राहिला. बाई त्याच्याजवळ गेल्या, वाकल्या, दोनदा ‘दे’ म्हणाल्या. त्याने तोंड बाजूला वळवलं. पॉल बाहेर येऊन त्याच्यावर ओरडला, तेव्हा बिस्किटला आपलं काय चुकलं तेच कळेना.

देवव्रत चिडला नाही. शिकवलंय मस्त, म्हणाला, फक्त कुत्रा आमचा नाही राहिला. मग त्याने तिथेच मित्राला फोन लावून शुक्रवारी गाडी पाठव म्हणून सांगितलं. आयुष्यात कुठल्या मालकाला केली नव्हती ती विनंती पॉलने केली. अजून दोन आठवडे द्या, पैसे नकोत, बाईंना मी शिकवतो. देवव्रतने नकारार्थी मान हलवली आणि कॉफीचा मग घेऊन तो लिफ्टकडे चालू लागला.

पॉल बाईंकडे वळला. बाई हात पदराला पुसत होत्या.

‘मी रोज विचारत होते, पॉल,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला माझा हात नको होता.’

पॉलला स्वतःची लाज वाटली, आणि ही सवय नसल्यामुळे ती लपवायची कशी तेही त्याला कळेना. बिस्किट अजून अंडं तोंडात धरून त्याच्यासमोर बसला होता. कडेने लाळ गळत होती.

‘घ्या ते त्याच्याकडून,’ बाई म्हणाल्या. ‘कधीचा धरून बसलाय. जबडा दुखत असेल.’

पॉलने हात पुढे केला. ‘दे’ म्हणायला त्याला थोडा वेळ लागला.